नऊ दिवसांचा राग

प्रेसमधले लोक त्यांना उलटेराव म्हणायचे. ते काही त्यांचं आडनाव नव्हे. खिळे जुळवणारा माणूस, म्हणजे जुळारी, आयुष्यभर अक्षरं उलटी बघतो. शिशाचा एकेक खिळा उचलून हातातल्या लोखंडी पट्टीत लावत जायचा, आणि ओळ डोक्यावर उभी असतानाच ती वाचायची. सगळेच जुळारी हे करतात, पण उलटेरावांनी त्यात कमालच केली होती. समोरच्या माणसाने टेबलावर पसरलेलं वर्तमानपत्र ते पलीकडे बसून त्याच्याआधी वाचून संपवायचे आणि तो पान कधी उलटतोय याची वाट बघत बसायचे. न राहवून एखाद्याला 'उलटा की आता' असं म्हणायचेसुद्धा.

घरी या कलेचा उपद्रव बायकोला. नवीन लग्न झालेलं असताना ती एकदा जेवणाच्या टेबलावर आईला पत्र लिहीत होती आणि हे समोर चहा पीत होते. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आल्यावर हे शांतपणे म्हणाले, "एवढंही काही वाईट वागलो नाही हं मी." त्या दिवसापासून ती पत्र लिहिताना मध्ये ट्रे उभा करून ठेवू लागली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तो ट्रे चहासाठी किती वेळा वापरला आणि आडोशासाठी किती वेळा, हे सांगणं कठीण आहे.

आता ती नाही. दोन वर्षं झाली. मुलगी परगावी असते, रविवारी फोन करते. उलटेराव बहात्तर वर्षांचे आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. फळीवर एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आहे. तो हातात घेतला की आपोआप एकाच पानावर उघडतो, चारशे बाराव्या.

म्हणूनच त्या सोमवारी सकाळी फोनवर एका बाईंनी 'पान चारशे बारा' असं म्हटल्यावर त्यांना कोश उघडून बघावा लागला नाही. बाईंनी आधी ओळख सांगितली होती. त्या मास्तरांच्या कन्या, कॉलेजात शिकवत होत्या, आणि वडिलांच्या कोशाची नवी आवृत्ती काढत होत्या. 'मास्तरांची कन्या' एवढं ऐकूनच उलटेराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते. बाई म्हणाल्या की नवे शब्द वेगळे येतील, पण जुना भाग अगदी बाबांनी लिहिला तसाच ठेवायचा. छापताना बाहेरून जे काही शिरलं असेल ते काढून टाकायचं. मूळ हस्तलिखिताशी एकेक ओळ ताडून पाहणं चाललं होतं. चारशे बाराव्या पानावर जरा अडलं आहे, तुमचा नंबर प्रेसच्या मालकांच्या मुलाकडून मिळाला, उद्या अकराला येता येईल का, असं त्यांनी विचारलं. उलटेराव 'येतो' म्हणाले. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चौतीस वर्षं जे पोटात ठेवलं ते आता बाहेर येणार होतं. पण खरं सांगायचं तर पकडलं जाण्याची भीती त्यांना फारशी नव्हती. या वयात कोण काय करणार आहे. भीती वेगळीच होती. बाई ती ओळ काढून टाकतील, ही.

ती ओळ काय आणि तिथे कशी आली, हे समजायला आधी मास्तर समजायला हवेत.

मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कोश करायचे. वीस वर्षं करत होते. इंग्रजी शब्द, त्याचे मराठी अर्थ, आणि प्रत्येक अर्थाखाली तो शब्द कसा वापरायचा हे दाखवणारं एक छोटं मराठी वाक्य, अशी त्याची मांडणी. माणूस सज्जन, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. दर गुरुवारी दुपारी छत्री घेऊन प्रेसमध्ये यायचे, मग आभाळ कसंही असो. तपासलेली मुद्रितं, म्हणजे प्रुफं, आणि नवी हस्तलिखित पानं मालकांच्या टेबलावर ठेवायचे आणि बसायला खुर्ची दिली तरी उभेच राहायचे. त्यांची वाक्यं त्यांच्यासारखीच होती. 'उन्हाने बर्फ वितळते.' 'साखर पाण्यात विरघळते.' चूक काढायची सोय नाही आणि लक्षात ठेवायचं कारण नाही.

एकदा कोणीतरी त्यांच्या हस्तलिखितावर चहाचा कप ठेवला. कपाच्या बुडाचा गोल डाग पानावर उमटला. मास्तरांनी तो बघितला, पान घडी करून खिशात घातलं, पुढच्या गुरुवारी तेच पान पुन्हा स्वच्छ लिहून आणलं आणि मालकांना एवढंच म्हणाले की पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्या प्रेसला देईन. त्या कोशावर अख्खं प्रेस चाललं होतं. मास्तरांची पाठ वळल्यावर मालकांनी सगळ्या जुळाऱ्यांना ओळीत उभं केलं आणि सांगितलं, यापुढे ज्याच्या हातून मास्तरांचं पान खराब होईल त्याने संध्याकाळी डबा घेऊन घरी जायचं आणि सकाळी परत यायचं नाही. मालक तोंडाने फटकळ होते, पण बोललेलं करणारे होते.

त्याच वर्षी थंडीत उलटेरावांच्या घरात अबोला चालू होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मी दोन दिवस आधी पोचतो, असा शब्द देऊन उलटेरावांनी बायको आणि मुलीला पुढे पाठवलं, आणि ऐन वेळी कोशाचं काम अडलं म्हणून गेलेच नाहीत. पाठची एकुलती एक बहीण, आणि जावईबापूंचा पत्ता नाही. माहेरच्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, त्याचंच तिला जास्त लागलं. घरी परत आली ती तोंडाला कुलूप लावूनच.

मध्ये दहा वर्षांची मुलगी. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "आईला सांग, दिसतंय." ताटाच्या दोन बाजूंना दोघं, एकमेकांना स्वच्छ ऐकू येतंय, आणि पोरगी मधे निरोप्याचं काम करतेय. तिसऱ्या दिवशी तिने संप केला. मला खेळायला जायचंय, तुमचं तुम्ही बघा, म्हणाली. मग पाटी आली. बायको पाटीवर लिहायची, 'दूध संपले.' पण पाटी त्यांच्याकडे फिरवायच्या आत हे उठून दुधाची पिशवी आणायला निघालेले असायचे, कारण समोरून उलटं वाचून झालेलं असायचं. धड अबोलासुद्धा धरू देत नाही हा माणूस, असं तिला वाटलं असणार. ती आणखी चिडली. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी प्रेसमध्ये उलटेरावांच्या वाट्याला जे पान आलं त्यात मेल्ट हे क्रियापद होतं. मास्तरांनी त्याचे पाच अर्थ दिले होते: वितळणे, विरघळणे, पाघळणे, मग राग किंवा मन यांविषयीचा अर्थ, आणि शेवटी गर्दी विरळ होणे. आता गंमत बघा, या शब्दांत ळ किती आहेत. प्रत्येक अर्थात ळ, प्रत्येक वाक्यात ळ. अर्धं पान जुळवून होतंय तोवर खिळ्यांच्या खोक्यातला ळ चा कप्पा रिकामा झाला. उलटेरावांनी शेजारच्या जुळाऱ्याचा कप्पा रिकामा केला, तेही पुरेनात. शेवटी ते हस्तलिखिताचं पान हातात घेऊन मागच्या खोलीत ओताऱ्याकडे गेले. तिथे झिजलेले, तुटलेले खिळे कढईत वितळवून नवे ओतले जायचे. किती ळ लागतील ते पानावरूनच मोजून सांगता यावं म्हणून पान बरोबर नेलं होतं.

ओतारी म्हणाला, ओततो, पण कढईत शिसं कमी आहे, ते डबड्यातले मोडके खिळे टाक आत. उलटेरावांनी डबडं उचललं आणि ओतलं. वीस वर्षं प्रेसमध्ये काढलेल्या माणसाने करू नये अशी चूक. खिळे सकाळीच सोड्याच्या पाण्याने धुतलेले होते आणि पुरते वाळलेले नव्हते. वितळलेल्या शिशात ओलं काही पडलं की ते उसळतं, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. पण नऊ दिवस ज्याच्याशी घरात कोणी बोललेलं नाही, त्याचं डोकं ठिकाणावर असत नाही.

फट्ट आवाज झाला. शिशाचे शिंतोडे उडाले. एक मोठा थेंब डाव्या हाताच्या पाठीवर बसला आणि एक त्याच हातातल्या पानावर. हाताचं त्यांना नंतर कळलं. आधी पान दिसलं. रुपयाएवढं भोक, कडा काळ्या. राग आणि मन असलेल्या अर्थाचं वाक्य बरोबर मधून जळालं होतं. डावीकडे 'तिचा' उरलं होतं आणि उजवीकडे 'विरघळला'. मधलं सगळं गेलं.

ओताऱ्याने हात पाण्यात धरायला लावला. त्याचं लक्ष हाताकडे होतं, पानाकडे नव्हतं. उलटेरावांनी पान दुमडून शर्टाच्या आत घातलं. मालकांनी हात बघितला आणि घरी पाठवलं. जाताना दवाखान्यातून पट्टी बांधून घे, म्हणाले. उलटेराव दवाखान्यात न जाता सरळ घरी आले. डॉक्टरसमोर शर्ट काढावा लागला असता, अशी काहीतरी त्यांची समजूत होती. घाबरलेला माणूस काय काय विचार करतो ते विचारू नये.

भर दुपारी दार उघडलं तेव्हा बायको कपडे घडी करत बसली होती. तिने वर बघितलं. हात बघितला. आणि नऊ दिवस ज्याची एवढी राखण केली ते सगळं विसरून म्हणाली, "अहो, हे काय झालं? दाखवा बघू हात."

तिने हात नळाखाली धरला. बराच वेळ धरला. मग मलम लावलं, जुन्या मऊ चादरीची पट्टी फाडून बांधली. गाठ मारताना तिच्या लक्षात आलं की आपण बोलतोय. ती थांबली, आणि मग स्वतःशीच हसली.

"नऊ दिवस किती जपून धरला होता हो राग," ती म्हणाली, "तुमचा हात बघितला आणि गेला कुठे कळलंच नाही."

उलटेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती समजली हात दुखतोय म्हणून.

मास्तरांना जाऊन खरं सांगायला हवं होतं. सरळ माणसाने तेच केलं असतं, आणि उलटेराव सरळच होते. पण नोकरी जाणार ही काळ्या दगडावरची रेघ होती, आणि जुळाऱ्याला दुसरं काय येतं? बायको दळण आणायला गेली तेव्हा त्यांनी पान बाहेर काढलं, टेबलावर पसरलं आणि 'तिचा' आणि 'विरघळला' यांच्या मधल्या भोकाकडे बघत बसले. त्यात काय असेल याचा अंदाज करायचा खूप प्रयत्न केला. मुलाचं रडणं असेल, नवऱ्याची क्षमा असेल. पण डोक्यात दुसरं काही येईचना. शेवटी त्यांनी प्रेसमधून आणलेल्या रद्दी कागदाचा एक तुकडा कापला, मास्तरांच्या अक्षरात त्यावर मधले शब्द लिहिले आणि डिंकाने भोकावर चिकटवला. मास्तरांचं अक्षर त्यांना स्वतःच्या अक्षरापेक्षा जास्त ओळखीचं होतं. वाक्य असं झालं:

'तिचा नऊ दिवसांचा राग त्याचा भाजलेला हात पाहून विरघळला.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी प्रेसमध्ये गेले. डावा हात बांधलेला, त्यामुळे खिळ्यांची लोखंडी पट्टी धरता येईना. ती त्यांनी लाकडी ठोकळ्याला टेकवून ठेवली आणि उजव्या हाताने त्या वाक्याचा एकेक खिळा लावला. ओताऱ्याने आदल्या दिवशी ओतून ठेवलेले नवे ळ चकचकत होते. एरवी मिनिटभराचं काम, त्याला पाऊण तास लागला. मग पान जागेवर ठेवून ते रजेवर गेले, पंधरा दिवस. त्या पानाची मुद्रितं मास्तरांकडे गेली, तपासून परत आली, आणि त्यावरच्या दुरुस्त्या शेजारच्या जुळाऱ्याने केल्या. हा शेजारचा मोठा कामसू, पण दुरुस्तीच्या खुणांपलीकडे समासात काय लिहिलंय ते वाचायची त्याला सवय नव्हती. उलटेराव रजेवरून आले तेव्हा पान छापून झालेलं होतं. कोणी काही बोललं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

कोश पुरा झाला त्या दिवशी मास्तर प्रथमच खुर्चीवर बसले. प्रत्येक जुळाऱ्याला सही केलेली एकेक प्रत त्यांनी स्वतःच्या हाताने दिली. उलटेरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रत खाली ठेवली, यांचा डावा हात पकडला, उलटा करून बघितला, आणि मग प्रत त्याच हातात ठेवली. उलटेराव शरमले. हाताला शाई आहे की काय ते बघतायत, असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी तो हात तीनदा धुतला.

मग ती प्रत बायकोला दाखवली. चारशे बारावं पान काढून बोट ठेवलं. तिने वाचलं, आणि आधी कोशाने नवऱ्याला मारायचंच बाकी ठेवलं. घरातली भांडणं गावभर छापून आलात, शाळेतली पोरं वाचणार आता, कुठे तोंड दाखवू मी, असं बरंच झालं. मग दोन मिनिटं थांबून म्हणाली, परत वाचा बघू.

चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईला इंग्रजीतलं एक क्रियापद मात्र असं आलं की विचारू नका. मास्तरांनी पाच अर्थ दिले होते, तिने त्याचे पंचवीस केले. साबण ओल्या तबकडीत राहून मऊ झाला की तो मेल्ट झाला. शेजारीण आधी उसनं द्यायला नाही म्हणाली आणि मग दिलं, म्हणजे मेल्ट झाली. लाडक्या नातीने गालाला गाल लावला की आजीबाई स्वतः मेल्ट. एकदा तर इस्त्रीने नायलॉनची साडी चिकटली तेव्हा रडवेली होऊन म्हणाली, हिचं बघा, हीपण. आणि दोघांचं भांडण झालं की संध्याकाळी उलटेराव दारातूनच विचारायचे, "झालं का मेल्ट?" ती आतून सांगायची, "अजून नाही. चहा घ्या आधी." चहा मिळाला याचा अर्थ उलटेरावांना कळायचा.

तिच्या शेवटच्या दुखण्यात वाचायला तिने पुस्तकं मागितली नाहीत. कधीकधी म्हणायची, ते आपलं पान वाचा. ते बर्फापासून सुरू करून गर्दीपर्यंत सगळं वाचायचे. ती मधल्या ओळीला डोळे मिटायची. भिंतीवरचा फोटो आहे, कपाटात साड्या आहेत. पण तिचा आवाज कुठे राहिला असेल तर त्या एका ओळीत आहे, असं उलटेरावांना वाटायचं. शब्द त्यांनी जुळवले होते, पण ते बोललेली ती होती. आणि उद्या अकरा वाजता एक शिकलेली बाई लाल पेन घेऊन त्यावर रेघ मारणार होती.

मंगळवारी ते साडेदहालाच पोचले आणि खाली फूटपाथवर अर्धा तास उभे राहिले. बाईंची खोली पुस्तकांनी भरलेली. पन्नाशीच्या, केस आखूड, बापाचंच नाक. मधे मोठं टेबल. त्यांनी यांना समोर बसवलं, पाणी दिलं आणि हस्तलिखिताचं ते पान पुढे सरकवलं. डिंक वाळून चिकटवलेली चिठ्ठी सुटून आली होती. तिच्या पाठीवर केसांच्या तेलाच्या जाहिरातीचा तुकडा छापलेला होता, आणि खाली ते भोक.

बाई म्हणाल्या, "हे वाक्य बाबांचं वाटत नाही हो. बाबांच्या सगळ्या कोशात कोणी रागावत नाही, कोणाला भाजत नाही. आणि नऊच दिवस का?"

उलटेराव रात्रीपासून मनात जुळवलेलं सगळं विसरून गेले. त्यांनी सरळ सगळं सांगितलं. ळ कमी पडले ते, ओले खिळे, शिंतोडे, चहाचा डाग आणि मालकांचं बोलणं, शर्टात लपवलेलं पान, अक्षराची नक्कल. लग्नाला गेलो नव्हतो तेही सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. मास्तरांना फसवलं याची लाज चौतीस वर्षं वाटतेय, असंही म्हणाले.

"बाई, चूक माझी. पुस्तकात माझं नाव घालून चूक झाली म्हणून लिहा, चालेल. पण ती ओळ काढू नका. ते माझं नाही, माझ्या बायकोचं आहे. ती आता नाही."

बाईंनी खालच्या खणातून एक जुनी फाइल काढली, दोरी सोडली आणि पिवळी पडलेली मुद्रितं उलटू लागल्या. बाबांनी पहिल्या आवृत्तीची सगळी मुद्रितं जपून ठेवली होती, म्हणाल्या. ती मला काल संध्याकाळी सापडली. तुम्हाला फोन केला तेव्हा बघितली असती तर बोलावलं नसतं, किंवा कदाचित वेगळ्या कामासाठी बोलावलं असतं. बोलता बोलता त्यांनी एक कागद बाहेर काढून स्वतःसमोर ठेवला आणि चष्मा शोधू लागल्या.

त्यांना चष्मा मिळेपर्यंत उलटेरावांनी पलीकडून वाचून टाकलं होतं.

चारशे बारावं पान. मधल्या वाक्याशेजारी, समासात, मास्तरांच्या लाल शाईतलं बारीक, उभं अक्षर. 'हे माझे नाही. पण राहू द्या.' आणि त्याखाली, जरा जागा सोडून: 'हात बरा झाला का?'

उलटेराव कागदाकडे बघत राहिले. पहिल्याच वाचनात मास्तरांना कळलं होतं. गुरुवारी आले असतील, जुळारी कुठे गेला विचारलं असेल, हात भाजलाय म्हणून कोणीतरी सांगितलं असेल. समासातला प्रश्न शेजारच्या जुळाऱ्याच्या नजरेखालून तसाच निघून गेला, उत्तर आलं नाही. म्हणून मग प्रती वाटायच्या दिवशी मास्तरांनी स्वतः हात उलटा करून बघितला होता. शाई नव्हते बघत. उलटेरावांना आता रडू आवरेना. हे बायकोला सांगता आलं असतं तर, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. अहो, त्यांना माहीत होतं, आपलं भांडण, तुझा राग, सगळं. आणि त्यांनी राहू द्या म्हटलं. ती आधी लाजली असती आणि मग म्हणाली असती, परत वाचा बघू.

"तुम्ही वाचलंत?" बाईंनी चष्मा लावत विचारलं. "इकडून दिसलं तुम्हाला?"

उलटेरावांनी मान हलवली. ओळीचा प्रश्न बाबांनी कधीच सोडवून ठेवलाय, बाई म्हणाल्या, ती जशीच्या तशी जाईल. मग त्यांनी मुद्रिताचा कागद फिरवून उलटेरावांकडे केला आणि त्यावर पेन ठेवलं.

"हे खालचं मात्र अजून राहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच विचारलंय बाबांनी."

उलटेरावांनी डावा हात कागदावर टेकवला. पाठीवरचा जुना, गुळगुळीत डाग खिडकीच्या उजेडात चमकत होता. लाल प्रश्नाखाली थोडी जागा उरली होती. मास्तरांचं नव्हे, स्वतःच्या अक्षरात, सावकाश, त्यांनी लिहिलं:

'हात पंधरा दिवसांत बरा झाला. राग त्याच दिवशी गेला होता.'